तरुण मित्रांच्या चावट प्रवासपटांत प्रवास खरोखर लागतो का?

चित्राभ्यासक

नमस्कार. अमेरिकन विनोदी चित्रपटांच्या एका विशिष्ट उपप्रकारावर मी सध्या एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्या निमित्ताने पडलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. कॉलेजच्या वयाचे तीन-चार मित्र एका गाडीत दाटीवाटीने बसतात, कोणत्या तरी मुलीपर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी अनेक राज्ये ओलांडतात, आणि वाटेत लैंगिक कुतूहल, दारू, पैशांची चणचण व अनोळखी माणसे यांच्यापायी त्यांची पुन्हा पुन्हा फजिती होते, असा या चित्रपटांचा सर्वसाधारण साचा आहे. टॉड फिलिप्स यांचा ‘रोड ट्रिप’ (२०००) आणि शॉन अँडर्स यांचा ‘सेक्स ड्राइव्ह’ (२००८) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

या चित्रपटांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. चावट विनोद नीट रचणे हे गंभीर प्रसंग रचण्याइतकेच कष्टाचे काम आहे असे मी मानतो, कारण गंभीर प्रसंग थोडा फसला तरी विषयाचे वजन त्याला सावरून धरते, पण विनोदी प्रसंगावर प्रेक्षक हसला नाही तर त्याच्याजवळ दुसरे काहीच उरत नाही. माझी अडचण वेगळी आहे. यांतले बरेचसे प्रसंग मोटेलची खोली, अनोळखी घरातली पार्टी किंवा महामार्गालगतचा बार अशा जागी घडतात, आणि ते मूळ गावातल्या वसतिगृहातही फारसा बदल न करता घडवता आले असते असे पाहताना सारखे वाटत राहते. जॉन लँडिस यांच्या ‘अ‍ॅनिमल हाउस’मध्ये (१९७८) मित्रांचा मोटारप्रवास हा कथेचा एक छोटासा भाग आहे आणि बाकीचा सारा धुडगूस कॉलेजच्या आवारातच चालतो, तरीही त्या चित्रपटाचे काही बिघडत नाही.

मग पुढच्या पिढीच्या चित्रपटांनी तोच धुडगूस गाडीत बसवून शेकडो मैल फिरवला, त्यातून नेमके काय साधले? गाडी आणि रस्ता काढून घेतला तर या कथांमधले काय कोसळेल? प्रवास हे केवळ प्रसंग ओवण्याचे सूत्र असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागेल. त्याहून काही अधिक असेल तर ते कोणत्या दृश्यात दिसते हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया उदाहरणांसह लिहावे.

पटकथावाचक

तुमच्या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या मालकीपासून शोधायला सुरुवात करावी असे मी सुचवीन. तुम्ही नाव घेतलेल्या तीनही चित्रपटांत गाडी पाहा. ‘अ‍ॅनिमल हाउस’मध्ये ती एका मित्राच्या भावाची आहे, ‘सेक्स ड्राइव्ह’मध्ये नायकाच्या थोरल्या भावाने जिवापाड जपलेली १९६९ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ आहे, आणि ‘रोड ट्रिप’मध्ये काइल या बुजऱ्या मुलाला मुख्यतः त्याच्याकडे गाडी आहे म्हणूनच सोबत घेतले जाते आणि ती गाडी त्याच्या धाकदपटशा करणाऱ्या वडिलांची आहे. घर सोडून निघालेली ही मुले घरातल्या वडीलधाऱ्याची सर्वांत मौल्यवान वस्तू बरोबर घेऊन निघतात, त्यामुळे गाडीला पडणारा प्रत्येक ओरखडा हा परतल्यावर द्यावयाच्या जबाबाचा एक मुद्दा होतो. ‘रोड ट्रिप’मध्ये तुटलेल्या पुलावरून उडी मारताना काइलच्या वडिलांच्या गाडीचा चक्काचूर होतो, हे दृश्य बहुतेकांच्या लक्षात राहते ते उडीसाठी, पण त्याचे खरे हसू काइलच्या चेहऱ्यावर आहे, कारण आता वडिलांना भिण्यासाठी शिल्लकच काही राहिलेले नाही, आणि तेथून पुढे हा मुलगा हळूहळू धीट होत जातो. वसतिगृहात हा बदल कशाने घडवला असता? तिथे वडिलांचे असे काहीच नसते.

दुसरी गोष्ट मुदतीची. ‘रोड ट्रिप’चा नायक जॉश याने दुसऱ्या एका मुलीबरोबर घालवलेल्या रात्रीची ध्वनिचित्रफीत त्याच्या मित्राच्या हातून चुकून टपालात पडते आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला, त्याच्या लहानपणापासूनच्या प्रेयसीकडे, रवाना होते. तिने पाकीट उघडण्याआधी १,५०० मैलांहून अधिक अंतर कापायचे आणि परत येऊन तत्त्वज्ञानाच्या परीक्षेलाही बसायचे, असा दुहेरी फास त्याच्याभोवती आवळलेला आहे. चावट प्रसंग मुळात रेंगाळणारे असतात. पात्रांना तिथेच थांबावेसे वाटते आणि प्रेक्षकालाही त्यांनी थांबावे असे वाटते. मुदत त्यांना तिथून उठवते. या प्रकारातले जे चित्रपट मला कंटाळवाणे वाटले, त्यांपैकी बहुतेकांत कोणालाच कुठे वेळेवर पोहोचायचे नव्हते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. रंगभूमीवरच्या फार्समध्ये दारे असतात: नको तो माणूस आला की पात्र दुसऱ्या दाराने निसटते, कपाटात लपते, आणि त्याची अब्रू निदान त्या क्षणापुरती वाचते. धावत्या मोटारीत तशी सोय नाही. एखाद्या मुक्कामावर तुमची जी काही नाचक्की झाली असेल, तिचे सगळे साक्षीदार पुढचे चारशे मैल तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात, आणि त्यांच्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसते. वसतिगृहात मुलगा आपल्या खोलीचे दार लावून घेऊ शकतो; दोन दिवसांनी बाहेर येईपर्यंत इतरांचा विषय बदललेला असतो. म्हणून या चित्रपटांतले सर्वोत्तम संवाद मला धांगडधिंग्याच्या दृश्यात क्वचितच आढळतात. ते त्यानंतरच्या, गाडीतल्या दृश्यात असतात, जिथे कोणी तरी बराच वेळ गप्प असतो आणि मागच्या आसनावरून पहिला प्रश्न येतो.

अमेरिकेचा कायदाही या कथांना नकळत हातभार लावतो. तिथल्या बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षाच्या आसपास वाहन चालवण्याचा परवाना मिळतो, अठराव्या वर्षी माणूस सज्ञान ठरतो, पण मद्य विकत घेण्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ही एकविसाची अट सर्व राज्यांत आली ती १९८४ च्या केंद्रीय कायद्यामुळे, आणि लक्षात घेण्यासारखे हे की जी राज्ये वयोमर्यादा वाढवणार नाहीत त्यांच्या महामार्ग-निधीचा काही हिस्सा रोखून धरण्याची तरतूद त्या कायद्यात होती. म्हणजे रस्त्याचा पैसा आणि तरुणांची दारू यांची गाठ संसदेनेच मारून ठेवली. अठरा ते एकवीस या वयातला मुलगा संपूर्ण देश गाडीने पालथा घालू शकतो आणि बारमध्ये मात्र त्याला मद्य मिळत नाही. खोटी ओळखपत्रे, उसने वय आणि मोठेपणाची बतावणी यांवर आधारलेले सगळे विनोद याच तीन वर्षांच्या फटीत राहतात, आणि अनोळखी गावात, जिथे तुमचे खरे वय ठाऊक असलेले कोणीच नसते, तिथे ते अधिक खुलतात.

जुनीरिळे

पटकथावाचक यांचे साक्षीदारांविषयीचे निरीक्षण मला फार पटले, परंतु मुदतीला त्यांनी दिलेले महत्त्व मला जास्त वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फ्रँक कॅप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. घरातून पळालेली धनिक कन्या आणि नोकरी गमावलेला बातमीदार हे दोघे मायामीहून न्यूयॉर्ककडे आधी बसने आणि मग मिळेल त्या साधनाने जातात. पैसे अपुरे असल्यामुळे त्यांना रस्त्याकडेच्या एका खोलीत नवरा-बायको म्हणून मुक्काम करावा लागतो, आणि बातमीदार दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. त्या घोंगडीच्या अलीकडे-पलीकडे जे बोलले जाते, ते चावटच आहे. दृश्यात मात्र काहीही दिसत नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून अमेरिकन चित्रपटसृष्टीने स्वतःवर घालून घेतलेल्या नीतिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ सूचकता हाच एकमेव मार्ग उरला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळाली, यावरून त्या काळच्या प्रेक्षकांना आणि परीक्षकांना तो किती भावला असेल याची कल्पना यावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या कथेतून प्रवास काढला तर काहीच उरत नाही, कारण त्या समाजात दोन अविवाहित, एकमेकांना न आवडणारी माणसे एका खोलीत रात्र काढण्याला प्रवासाखेरीज दुसरे सभ्य कारणच नव्हते. रस्ता ती जवळीक घडवतो. पात्रांना तिची इच्छा असो वा नसो. माझ्या मते चावट प्रवासपटाचे बीज या सक्तीच्या जवळिकीत आहे, आणि मुदत ही तिला जोडलेली सोय आहे. रॉब रायनर यांच्या ‘द शुअर थिंग’मध्ये (१९८५) हे बीज फार सुंदर रीतीने पुन्हा रुजवलेले दिसते. कॉलेजचा एक मुलगा नाताळच्या सुट्टीत पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला निघतो, कारण तिथे एक मुलगी त्याच्यासाठी ‘खात्रीने’ तयार आहे असे मित्राने त्याला सांगितलेले असते; पण वाटेत त्याला सोबत मिळते ती वर्गातल्या एका काटेकोर, त्याच्यावर आधीच रुष्ट असलेल्या मुलीची. चावटपणा त्या मुलाच्या मनात आणि जिभेवर आहे. रस्ता त्याच्या मनसुब्याची रोज थोडी थोडी परीक्षा घेतो, आणि प्रेक्षक हसतो ते त्या मनसुब्याचे काय होत चालले आहे हे मुलाच्या आधी आपल्याला कळलेले असते म्हणून.

१९६८ मध्ये नीतिसंहिता जाऊन तिच्या जागी वयोगटानुसार प्रमाणपत्रे आली. ‘आर’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय प्रवेश नसतो. १९८४ मध्ये त्याच्या अलीकडची ‘पीजी-१३’ ही पायरी निर्माण झाली. ‘द शुअर थिंग’ या अलीकडच्या पायरीवरचा आहे आणि ‘रोड ट्रिप’, ‘सेक्स ड्राइव्ह’ हे ‘आर’ गटातले आहेत. पुढे डीव्हीडीच्या काळात चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीखेरीज प्रमाणपत्राविना काढलेली आणखी मोकळी आवृत्ती विकण्याची पद्धत रूढ झाली. अशा वाढीव आवृत्त्या मी लक्षपूर्वक पाहिल्या आहेत आणि माझे मत असे की त्यांत घातलेल्या नग्नतेने कथेला किंवा विनोदाला क्वचितच काही दिले. उलट दोन विनोदांमधले अंतर वाढून लय मात्र बिघडली. एका घोंगडीने जे साधले होते ते दाखवण्याची पूर्ण मुभा मिळाल्यावरही सहज साधत नाही, ही गोष्ट तुमच्या लेखात यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुसरीखिडकी

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, पण दोघांनीही एक प्रश्न बाजूला ठेवला आहे असे मला वाटते. गाडीच्या आतले लोक एकमेकांचे साक्षीदार असतात हे खरे; मग गाडीच्या बाहेरचे लोक कोण असतात?

या प्रकारातल्या अनेक चित्रपटांत प्रवासी मुले उत्तरेकडच्या किंवा मोठ्या शहरातल्या कॉलेजची असतात आणि वाटेतले लोक चमत्कारिक ठरवलेले असतात: दक्षिणेतला पोलीस, खेड्यातली कुटुंबे, मोटेलचा कारकून, धार्मिक पंथाची माणसे. त्यांना नाव नसते, इच्छा नसते, केवळ एक लकब असते. ‘रोड ट्रिप’मध्ये गाडी गेल्यावर ही मुले अंध विद्यार्थ्यांच्या शाळेतून थाप मारून बस पळवतात. त्या दृश्याचा सारा विनोद समोरच्या स्त्रीला दिसत नाही या एकाच गोष्टीवर उभा आहे, आणि तो मला अगदी दुबळा वाटतो, कारण त्यात प्रवाशांनी काहीही पणाला लावलेले नाही. याउलट ‘सेक्स ड्राइव्ह’मधला अमिश मेकॅनिक पाहा. अमिश या जुन्या चालीरीतींना धरून राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक मोटारीपासून दूर राहतात, म्हणून मुलांना त्याच्याबद्दल अनेक समजुती आहेत; तो गाडी उत्तम दुरुस्त करतो आणि त्यांच्या प्रत्येक समजुतीला असे थंड, तिरके उत्तर देतो की फजिती पाहुण्यांची होते. एकाच साच्यातल्या या दोन मुक्कामांची तुलना केली तर माझा मुद्दा स्पष्ट होईल: प्रवासाने आणलेला अनोळखी माणूस जेव्हा प्रवाशाला उत्तर देऊ शकतो तेव्हाच रस्ता कथेत काही भर घालतो. तो उत्तर देऊ शकत नसेल तर तुम्ही म्हणता त्याप्रमाणे वसतिगृहही पुरेसे आहे.

‘हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल’ (२००४) या चित्रपटाचा उल्लेख अजून झाला नाही याचे मला आश्चर्य वाटले. कोरियन आणि भारतीय वंशाचे दोन मित्र रात्री भूक लागल्यावर एका विशिष्ट दुकानाचे बर्गर खायला निघतात आणि न्यू जर्सी या एकाच राज्यात रात्रभर भटकतात. अंतर थोडे आहे, मुदत अशी काहीच नाही, चावटपणा मात्र भरपूर आहे. त्यात नवे हे की आजवर मुक्कामावरची विचित्र माणसे म्हणून दाखवले जाणारे चेहरे या वेळी पुढच्या आसनांवर बसलेले आहेत, आणि त्यांना अडवणारे पोलीस, टारगट पोरे आणि कामाचा बोजा हॅरॉल्डवर ढकलणारे सहकारी हे त्यांच्या नजरेतून चमत्कारिक दिसतात. साचा तोच ठेवून केवळ गाडीतली माणसे बदलल्याने प्रत्येक मुक्कामाचा अर्थ बदलला.

मुलींच्या बाबतीत हा बदल आणखी उशिरा झाला. ‘रोड ट्रिप’ आणि ‘सेक्स ड्राइव्ह’मध्ये मुलगी हे प्रवासाचे ठिकाण असते, ती दुसऱ्या टोकाला थांबलेली असते आणि तिला गाठायचे असते. रॅचेल ली गोल्डनबर्ग यांच्या ‘अनप्रेग्नंट’मध्ये (२०२०) सतरा वर्षांची एक हुशार मुलगी गर्भवती राहते. त्या वेळी मिझुरी राज्यात अल्पवयीन मुलीला गर्भपातासाठी पालकांची संमती लागत असे, आणि ती आईवडिलांना सांगू शकत नाही, म्हणून दुरावलेल्या मैत्रिणीला घेऊन ती सुमारे १,००० मैलांवरच्या न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला जाते. नताली मोरालेस यांच्या ‘प्लॅन बी’मध्ये (२०२१) साउथ डकोटातला औषधविक्रेता सदसद्विवेकाचे कारण देऊन एका मुलीला आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी नाकारतो, त्याला तशी मुभा राज्याच्या कायद्यानेच दिलेली असते, आणि ती गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी परिणामकारक असल्यामुळे दोन मैत्रिणी रात्रीच्या रात्री गाडी घेऊन निघतात. दोन्ही चित्रपट मोकळ्या तोंडाचे आहेत, शरीराविषयी बिनधास्त विनोद करतात, आणि तरीही त्यांतला प्रवास कोणालाही अनावश्यक म्हणता येणार नाही. एका राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो, ही गोष्ट अमेरिकेत खरी आहे, आणि २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करून हा विषय राज्यांकडे सोपवल्यानंतर ती अधिकच खरी झाली. मुलांच्या चित्रपटांत जी घाई टपालात पडलेल्या फितीने निर्माण करावी लागली, ती येथे देशाच्या नकाशातच होती.

चित्राभ्यासक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. गाडीची मालकी, सक्तीची जवळीक आणि उत्तर देणारा अनोळखी माणूस या तीन गोष्टी घेऊन मी सर्व चित्रपट पुन्हा पाहणार आहे. आणखी दोन शंका विचारतो. या प्रकारातला चित्रपट शेवटपर्यंत चावट राहून मनाला खोलवर स्पर्श करू शकतो का, की दुःख आले की चावटपणाला जागा सोडावीच लागते? आणि आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना हा साचा कितपत टिकेल? ‘रोड ट्रिप’मधली अडचण आजच्या तरुणांवर ओढवणारच नाही, कारण ध्वनिचित्रफीत टपालाने जात नाही आणि एकदा पाठवलेली गोष्ट गाडीने पाठलाग करून अडवता येत नाही.

प्रवासीडोळा

पहिल्या शंकेसाठी मी अमेरिकेच्या दक्षिण सीमेपलीकडचे उदाहरण देतो. अल्फोन्सो क्वारोन यांचा ‘इ तू मामा ताम्बिएन’ (२००१) आपण पाहिला असेलच. मेक्सिको सिटीतले दोन किशोरवयीन मित्र, एक राजकारण्याच्या घरचा आणि दुसरा साध्या घरचा, वयाने मोठ्या असलेल्या एका विवाहित स्पॅनिश स्त्रीवर छाप पाडण्यासाठी कल्पनेतल्या एका समुद्रकिनाऱ्याचे नाव सांगतात. ती यायला तयार होते आणि दोघांना खरोखरच गाडी काढून दक्षिणेकडच्या ओआहाका राज्याच्या दिशेने निघावे लागते. या दोघांच्या बढाया, त्यांचे शपथा घेऊन केलेले नियम, शरीराविषयीचे त्यांचे उतावळे अज्ञान हे सारे कोणत्याही अमेरिकन प्रवासपटाइतके चावट आहे, किंबहुना कांकणभर अधिकच. अमेरिकेत हा चित्रपट प्रमाणपत्राविनाच चित्रपटगृहांत लागला.

क्वारोन यांनी त्यात एक विलक्षण युक्ती वापरली आहे. मुले बडबडत असताना अधूनमधून सगळे आवाज एकाएकी बंद होतात आणि एक निर्विकार निवेदक काही वाक्ये सांगतो. वाहतूक खोळंबल्यामुळे मुले वैतागलेली असतात, तेव्हा निवेदक सांगतो की पुढे एका स्थलांतरित गवंड्याला बसने उडवले आहे, आणि पादचारी पूल सोयीच्या जागी नसल्याने तो रस्ताच ओलांडत होता. मुले पुढे जातात. त्यांना हे कधीच कळत नाही. किनाऱ्यावर भेटलेल्या कोळ्याबद्दल निवेदक सांगतो की तिथे हॉटेल उभे राहील आणि मासेमारी सोडून हा माणूस त्याच हॉटेलात सफाईचे काम करू लागेल. दुसरीखिडकी यांनी विचारलेला ‘गाडीच्या बाहेरचे लोक कोण’ हा प्रश्न या निवेदकाइतक्या सरळपणे मी अन्यत्र कोठेही हाताळलेला पाहिलेला नाही. दुःख चावटपणाची जागा घेत नाही. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच वेळी असतात, आणि प्रेक्षकाला दोहोंकडे पाहावे लागते.

जुनीरिळे यांच्या मताशी मात्र मला थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. दाखवण्याची मुभा मिळाल्याने विनोद दुबळाच होतो असे नाही. या चित्रपटातली लैंगिक दृश्ये उघडी आहेत, पण ती अवघडलेली, घाईत उरकलेली आणि मुलांच्या बढायांना खोटे पाडणारी आहेत. घोंगडी काढली तर मागे काय दिसते यावर सारे अवलंबून असते, आणि येथे मागे दोन घाबरलेली मुले दिसतात. शेवटच्या भागात त्यांची मैत्री ज्या कारणाने तुटते, तेही एका अशाच रात्रीनंतरच्या सकाळी आहे. ती रात्र पडद्यावर आली नसती तर ती सकाळ मला समजलीच नसती.

पटकथावाचक

फोनच्या शंकेवर लिहितो. ‘रोड ट्रिप’ची सगळी कथा बॅरी नावाचा मागे राहिलेला मित्र विद्यापीठ पाहायला आलेल्या पाहुण्यांना सांगत असतो, आणि तो भरवशाचा कथेकरी नाही हे चित्रपट आपल्याला वारंवार दाखवतो. ही जागा फोनने खरोखर हिरावून घेतली आहे. आज त्या चौघांनी वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची छायाचित्रे टाकली असती आणि बॅरीला तिखटमीठ लावायला वावच मिळाला नसता. अतिशयोक्ती हा या प्रकाराचा जुना हक्क होता. तो सांभाळायचा तर आजच्या लेखकाला फोन हरवण्याची, बंद पडण्याची किंवा जप्त होण्याची व्यवस्था करावी लागते, आणि ती व्यवस्था बहुतेक वेळा कृत्रिम दिसते.

परंतु फोनने प्रवासाची गरज संपवली हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी दुसरीखिडकी यांनीच दिलेले उदाहरण पुरेसे आहे. ‘अनप्रेग्नंट’मधल्या मुलीजवळ आजच्या सर्व सोयी आहेत. तिला कुठे जावे लागेल हे ती घरबसल्या शोधून काढते, आणि उत्तर येते ते अल्बुकर्की. पूर्वीच्या चित्रपटांत अडचण माहितीच्या अभावातून येत असे: मुलगी फोन उचलत नाही, पाकीट कुठवर पोहोचले ते कळत नाही, रस्ता चुकतो. आता सारी माहिती पहिल्या काही मिनिटांतच हाती असते आणि तरीही ते अंतर कोणाला तरी शेजारी बसवून कापावेच लागते. तुमच्या लेखासाठी मी असे सुचवीन की ‘रोड ट्रिप’ आणि ‘अनप्रेग्नंट’ हे दोन चित्रपट एका बैठकीत पाहावेत आणि प्रत्येकात पात्रांना पहिल्यांदा अंतर कळते ते दृश्य शेजारी शेजारी ठेवून त्यावर लिहावे.